पन्नास-साठ लाखाची गाडी घेताय? आतून कशी बघायची ते सांगतो

गेल्या दसऱ्याला आम्ही गाडी घेतली. त्याआधी आमच्या घरातली सगळ्यात महाग गाडी म्हणजे होंडा सिटी, त्यामुळे एप्रिलमध्ये पहिल्यांदा लक्झरी गाड्यांच्या शोरूमात शिरलो तेव्हा मी आणि बायको दुसऱ्याच्या लग्नात चुकून आल्यासारखे उभे होतो. कॉफी आली, बिस्किटं आली, एका दिवसात तीन शोरूम झाली, आणि सगळ्याला "छान आहे, छान आहे" म्हणत आम्ही बाहेर पडलो. रात्री जेवताना हिने विचारलं की तिघांत फरक काय होता रे, तर मला फक्त आतल्या लाइटचे रंग आठवत होते, बाकी काही नाही.

मग सहा महिने लागले शहाणं व्हायला. इंजिन, मायलेज, सर्व्हिसचा खर्च ह्यावर सांगणारे तुम्हाला शंभर जण भेटतील, म्हणून मी फक्त आतल्या बाजूचं सांगतो, कारण गाडी बाहेरून शेजारी बघतात, आत आपण बसतो. माझं भोसरीला छोटं टूलरूम आहे, प्लास्टिकच्या पार्टचे मोल्ड म्हणजे साचे बनवतो, त्यामुळे ह्या विषयात थोडी खाज जास्त आहे हे कबूल. आणि शेवटी कुठली घेतली ते मुद्दाम सांगत नाहीये, एकदा नाव सांगितलं की पुढचं सगळं जाहिरात वाटायला लागतं.

आम्ही मुख्य बघितल्या त्या मर्सिडीज सी क्लास, बीएमडब्ल्यू ३ सिरीजची लांब वाली आणि ऑडी ए४. जाता जाता व्होल्वो आणि लेक्सस ईएस पण बघून आलो. तुम्ही एसयूव्ही घेत असाल तरी पद्धत हीच.

१. आधी जुनी बघा, मग नवी

हे उलटं वाटेल पण ह्याच क्रमाने करा. नवी गाडी सगळ्यांचीच छान असते, नव्याचे नऊ दिवस. तुम्हाला बघायचंय की पाचव्या वर्षी ती कशी दिसते. पुण्यात जुन्या लक्झरी गाड्या विकणारे भरपूर आहेत, कंपन्यांची स्वतःची पण जुन्या गाड्यांची दालनं असतात. एक शनिवार काढा आणि तुमच्या यादीतली प्रत्येक गाडी चाळीस-पन्नास हजार किलोमीटर झालेली अशी एकेक शोधून बघा. विकत घ्यायची नाहीये, फक्त दार उघडून बसायचंय.

काय बघायचं? ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, जिच्यावरून आपण रोज घसरत आत बसतो, तिथं लेदर सगळ्यात आधी मरतं. मग स्टिअरिंगवर हात असतो ती जागा. स्टार्ट बटणावरची अक्षरं. काचांची बटणं. गिअरच्या भोवतीची काळी चकचकीत पट्टी, ज्याला पियानो ब्लॅक म्हणतात, ती मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसतील. छताचं कापड मागच्या काचेजवळ सुटलंय का, कारण आपल्याकडच्या उन्हात गोंद आधी तिथं सोडतो. आणि बटणांवर बोट दाबून बघा, चिकट लागतंय का. काही जुन्या युरोपियन गाड्यांत प्लास्टिकवर मऊ रबरासारखा कोट मारलेला असायचा, तो उष्णता आणि दमट हवेने विरघळल्यासारखा होतो आणि बोटाला गुळासारखा चिकटतो. नवीन गाडीत असला कोट कुठंकुठं आहे ते मग शोरूममध्ये आपोआप शोधायला लागता.

सापळा एक: जुनी गाडी विकणारा ती पॉलिश करून, सीट रंगवून ठेवतो. म्हणून पॉलिशवाल्याचा हात पोचत नाही तिथं बघा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, दाराच्या हँडलला खालून बोट लावा, सीट पुढं सरकवून मागचं कार्पेट बघा.

सापळा दोन: नाव तेच पण गाडी वेगळी. आत्ताची सी क्लास आपल्याकडे २०२२ मध्ये आली, त्याआधीचीचं डॅशबोर्डच वेगळं. ३ सिरीजची बॉडी तीच राहिली पण २०२३ मध्ये वळणदार मोठा स्क्रीन आला आणि एसीची बटणं गेली. म्हणजे २०२१ ची ३ सिरीज बघताना स्क्रीन बघू नका, सीट आणि दाराचे पॅड बघा, ते कामाचं आहे.

२. सोबत काय न्यायचं

हसू नका, मी खरंच एक पिशवी केली होती. त्यात:

- मेजरिंग टेप
- टॉर्च (मोबाइलचा चालतो)
- एक व्हिजिटिंग कार्ड, फटी मोजायला
- एक लिटरची पाण्याची बाटली
- तुमचा रोजचा मोबाइल आणि टाइप सी केबल. बऱ्याच नव्या गाड्यांत जुनी चौकोनी यूएसबी उरलेलीच नाहीये
- पोलराइज्ड गॉगल, वापरत असाल तर. काचेवर आकडे दिसणारा जो हेड-अप डिस्प्ले असतो तो असल्या गॉगलमधून फिकट होतो किंवा गायबच होतो. त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजून मग घरी कळण्यात काय अर्थ
- छोटी वही. फोटो काढाल पण फोटोत स्पर्श येत नाही

आणि ड्रायव्हिंग लायसन्स, ओरिजिनल. टेस्ट ड्राइव्हला त्याशिवाय चावी मिळत नाही.

३. वेळ दुपारची आणि गाडी उन्हात

संध्याकाळी सातला शोरूमला जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. शोरूमचे लाइट आणि गाडीतले रंगीत दिवे, मर्सिडीजमध्ये तर चौसष्ट रंग, त्यात माणूस वाहूनच जातो. आम्ही गेलोच. दुपारी एक-दीडला जा आणि डेमो गाडी बाहेर उन्हात काढायला लावा. उन्हात प्रत्येक जोड, प्रत्येक बोटाचा ठसा, प्लास्टिकच्या दोन तुकड्यांच्या रंगातला फरक सगळं उघडं पडतं. गाडी वीस मिनिटं उन्हात उभी राहू दे आणि मग बसा. पुण्याचा एप्रिल म्हणजे चाळीसच्या आसपास, काळी सीट तेव्हा काय चीज असते ते चटका बसल्यावर समजतं. सनरूफचा पडदा बंद केला तरी डोक्याला धग लागते का तेही तेव्हाच कळतं, काही गाड्यांत पडदा जाड कापडाचा असतो तर काहींत नुसता जाळीसारखा.

आत सेंटचं कार्ड लटकवलेलं असेल तर काढायला सांगून दारं उघडी ठेवा. गाडीचा स्वतःचा वास बघायचाय, लव्हेंडरचा नाही.

४. हाताने बघा

हा माझा आवडता भाग, त्यामुळे लांबणार.

सेल्सवाला तुम्हाला डॅशबोर्डच्या वरच्या भागावर हात फिरवायला लावेल, तो सगळ्यांचाच मऊ असतो. तुम्ही हात खाली न्या. गुडघ्याच्या पातळीखाली सगळ्या कंपन्या कडक प्लास्टिक वापरतात, जर्मन असो की जपानी, त्यात फसवणूक काही नाही, प्रश्न इतकाच की मऊ कुठं संपतं आणि कडक कुठं सुरू होतं. पुढच्या दारात मऊ आणि मागच्या दारात त्याच जागी कडक, ही एक जुनी काटकसर आहे. पुढच्या आणि मागच्या दाराला एकाच जागी टकटक करून बघा, आवाजातच कळतं, एक भरीव एक पोकळ.

मग कडा. दाराच्या खालच्या खिशात बोटं घाला आणि आतल्या काठावरून फिरवा. मोल्डचे दोन भाग जिथं मिळतात तिथं पार्टवर बारीक रेघ येते, तिला आम्ही पार्टिंग लाइन म्हणतो. मोल्ड चांगला असेल तर ती नुसती जाणवते, मोल्ड झिजला असेल किंवा नीट क्लॅम्प होत नसेल तर तिथं पातळ पापुद्रा येतो, फ्लॅश, तो नखाला लागतो. आमच्याकडे असा पार्ट क्वालिटी तपासणारा पोरगा ब्लेडने साफ करतो. ह्या भावात तुमच्या नखाला पापुद्रा लागला तर वहीत लिहून ठेवा. मी एका डेमो गाडीत ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाखाली इतका धारदार फ्लॅश बघितला की बोटाला ओरखडा आला, आणि तिथला मुलगा म्हणाला सर इथं कोण हात लावतं. अरे, मी लावला ना आत्ता.

दुसरं, सिंक मार्क. प्लास्टिकच्या मागे जिथं आधाराची जाड पट्टी, म्हणजे रिब, असते तिथं पुढच्या बाजूला हलका खड्डा पडतो, टॉर्च आडवा धरला की दिसतो. आणि ग्रेन, म्हणजे लेदरसारखा जो पोत दिलेला असतो तो, शेजारच्या दोन तुकड्यांवर सारखा आहे का ते बघा. डॅशबोर्डचा पोत एक आणि एअरबॅगच्या झाकणाचा दुसरा असेल तर एकदा दिसल्यावर रोज दिसतो.

फटींसाठी व्हिजिटिंग कार्ड. डॅशबोर्ड आणि दार जिथं समोरासमोर येतात तिथं डाव्या बाजूला कार्ड किती सैल जातं आणि उजव्या बाजूला किती. फट मोठी असली तरी चालेल एकवेळ, पण दोन्हीकडे सारखी पाहिजे.

शेवटी जोर लावा. लाजू नका. सेंटर कन्सोल दोन्ही गुडघ्यांनी दाबा, आर्मरेस्टवर कोपर टेकून वजन टाका, दार ओढायचा हँडल जोरात पिळा, एसीच्या जाळ्या चारही बाजूंना फिरवा. कुरकुर, चरचर, काही आवाज आला की समजायचं हा आवाज खराब रस्त्यावर येणारच आहे.

माझं मत विचाराल तर ह्या तिघांत जोडकाम ऑडीचं सगळ्यात शांत, काहीही अंगावर येत नाही आणि बटणं दाबताना जो बारीक टक असा आवाज येतो तो सगळीकडे सारखा. मर्सिडीज पहिल्या नजरेत घायाळ करते, दागिने घातल्यासारखी. बीएमडब्ल्यूचं सगळं ड्रायव्हरच्या बाजूला झुकलेलं, बायकोचं म्हणणं की शेजारी बसलेल्या माणसाला हे पाहुण्यासारखं वागवतात. लेक्ससमध्ये शिलाई बघा, बाकी काही नाही बघितलं तरी.

५. लेदर म्हणजे लेदर नाही, आणि लाकूड म्हणजे लाकूड नाही

इथं शब्दांचा खेळ आहे. सेल्सवाला म्हणेल "आर्टिको अपहोल्स्टरी", ऐकायला इटालियन वाटतं, ते मर्सिडीजचं कृत्रिम लेदर. बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक पण कृत्रिमच, त्यांचं खरं लेदर म्हणजे व्हर्नास्का आणि त्यावरचं मेरिनो. लेक्ससचं न्यूलक्स कृत्रिम. व्होल्वोचं नॉर्डिको तर रिसायकल केलेल्या बाटल्या वगैरे वापरून केलेलं, आणि व्होल्वोवाले ते लपवत नाहीत, उलट अभिमानाने सांगतात.

आता कृत्रिम म्हणजे वाईट असं अजिबात नाही. आपल्या हवेत ते पुसायला सोपं, भेगा कमी, आणि खरं लेदर असलं तरी वरून रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर असतोच, म्हणजे तुमचा हात बऱ्याचदा त्या थरालाच लागत असतो. शिवाय "लेदर सीट" म्हणजे बहुतेक गाड्यांत जिथं तुमचं अंग टेकतं तेवढाच भाग लेदर, बाजू आणि पाठ कृत्रिम. मुद्दा इतकाच, की लेदरचे पैसे देताय की रेक्झिनच्या शहाण्या भावाचे, ते माहीत करून द्या.

मेटलची चाचणी सगळ्यात सोपी. एसी दहा मिनिटं फुल ठेवा आणि मग चंदेरी पट्टीला बोट लावा. खरं अ‍ॅल्युमिनिअम थंडगार लागतं, रंगवलेलं प्लास्टिक कोमट. स्पीकरच्या जाळ्यांना पण हेच करा, आणि भोकं आरपार आहेत का ते टॉर्चने बघा, काही ठिकाणी निम्मी भोकं नुसती शोभेची असतात. लाकडात दोन प्रकार, एक काचेसारखं वार्निश मारलेलं आणि एक ओपन पोर, ज्यात नख फिरवलं की रेषा लागतात. दुसरं जास्त टिकाऊ दिसतं, चरे लपतात. आणि शक्य असेल तिथं पियानो ब्लॅक टाळा. पुण्याच्या धुळीत कोरड्या फडक्याने पुसलंत की महिन्याभरात चरे.

रंगाबद्दल एकच, फिकट बेज सीट फोटोत राजवाडा वाटते पण नव्या निळ्या जीन्सचा रंग तिच्यावर उतरतो. आमची मुलगी कॉलेजला जाते, आठवड्यातून सहा दिवस जीन्स. विषय संपला.

६. स्क्रीन आणि बटणं: मराठी माणसाची खरी परीक्षा

सी क्लासमध्ये ११.९ इंचाचा उभा स्क्रीन, ३ सिरीजमध्ये १४.९ इंचाचा आडवा वळणदार, ए४ मध्ये १०.१ इंचाचा. आकडे ऐकून इंचावर गाडी ठरवू नका, टीव्ही घेत नाही आहोत.

ही सहा कामं द्या स्वतःला, गाडी उभी असताना, सेल्सवाल्याची मदत न घेता आणि मोबाइलवर सेकंद मोजत: एसी दोन डिग्री कमी करणं, पंखा वाढवणं, मागच्या काचेचा डीफॉगर, आवाज पूर्ण बंद, स्क्रीनचा उजेड कमी, आणि मोबाइल जोडून मॅप लावणं. मग तीच कामं समोर बघत, नजर स्क्रीनवर न नेता करून बघा. ए४ मध्ये एसीला वेगळी बटणं आहेत, डोळे न हलवता जमतं. ३ सिरीजमध्ये एसी स्क्रीनमध्ये गेलाय पण खाली गोल फिरवायचा आयड्राइव्हचा खटका अजून आहे, सवय झाली की तो फार भारी आहे. सी क्लासमध्ये स्टिअरिंगवर बोट सरकवायची टच बटणं आहेत, आणि दारावरचे सीट हलवायचे खटके हलतच नाहीत, दाब ओळखून काम करतात. दिसतात सुंदर. पण पावसाळ्यात ओल्या बोटांनी वापरायची आहेत हे धरून चाला आणि टेस्टला रुमाल ओला करून न्या.

एक सापळा फक्त आपल्यासारख्यांसाठी. मारुती, होंडा, टाटा चालवलेल्यांचा इंडिकेटर उजव्या हाताला असतो. जर्मन गाड्यांत तो डावीकडे. आणि मर्सिडीजमध्ये स्टिअरिंगच्या उजवीकडची दांडी म्हणजे गिअर. वळताना सवयीने हात तिकडं गेला की गाडी न्यूट्रल. माझा हात पहिल्या पाच मिनिटांत दोनदा गेला. दोनेक आठवड्यांत सवय मोडते म्हणतात, पण घरी दोन गाड्या असतील आणि दोन्ही रोज चालवणार असाल तर विचार करा.

रात्री परत एकदा बसून बघा, दहा मिनिटं पुरे. मोठे स्क्रीन अंधारात डोळ्यावर येतात, आणि साइडच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब आरशाच्या बरोबर वर पडतं का ते बघायचंय.

७. आईला घेऊन जा

आई, सासूबाई, वडील, जे कोणी घरातलं गुडघेवालं माणूस असेल त्यांना न्या. मी तिसऱ्या फेरीला आईला नेलं, वय त्र्याहत्तर, काठापदराची साडी. एका गाडीत ती बसली पण उठताना तिने पुढच्या सीटला धरलं आणि "अरे ही जमिनीवर बसल्यासारखी आहे" म्हणाली. तिन्ही गाड्या सेदान, तिन्ही खालीच, पण दाराचा उंबरठा किती रुंद आणि सीट त्याच्यापासून किती आत ह्यात फरक आहे. साडीचा पदर तिथं घासतो, आणि पावसाळ्यात उंबरठ्यावरचा चिखल साडीला. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये नाही.

पायाला जागा हवी असेल तर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, बघा. आपल्याकडची लांब ३ सिरीज २९६१ मिमी, म्हणजे साध्या ३ सिरीजपेक्षा ११० मिमी जास्त, आणि सी क्लास २८६५. एक पायरी वर गेलात तर ई क्लास ३०९४ आणि ५ सिरीज ३१०५, दोन्ही लांब वाल्या. पण टेपने स्वतः मोजा: पुढची सीट तुमच्या उंचीला लावा, मग मागे जाऊन गुडघा ते सीटची पाठ. आणि मांडीखाली हात सरकवून बघा. पायाला जागा भरपूर पण सीट बुटकी, म्हणजे मांड्या अधांतरी, ही तक्रार सातारा येईस्तोवर कळत नाही आणि कोल्हापूर येईस्तोवर सहन होत नाही.

मधल्या माणसाचे मागच्या चाकांवर चालणाऱ्या सी क्लास आणि ३ सिरीजमध्ये हालच, मधला उंचवटा पायाला पायच ठेवू देत नाही. ईएस पुढच्या चाकांवर चालते म्हणून तिथं बरंय. पाच जण रोज असतील तर सेदानचा नाद सोडा सरळ.

८. टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर

ते तुम्हाला बायपासवर नेतील, गुळगुळीत, आणि म्युझिक लावून. म्युझिक बंद करा. बर्मेस्टर, हार्मन कार्डन, बँग अँड ओलुफसेन, ह्या कंपन्यांचे स्पीकर सगळे चांगलेच वाजतात, ते शेवटी ऐका.

मी तीच चक्कर तीन गाड्यांना दिली: सोसायटीतले पेव्हर ब्लॉक, मग पौड रोड, चांदणी चौकातून वर, आणि परत येताना एका गल्लीतला सिमेंटचा रस्ता जिथं दर काही फुटांवर जोड येतो. पेव्हर ब्लॉकवर वीसच्या स्पीडने इंटिरिअरचं खरं रूप कळतं. मोबाइलमध्ये आवाज मोजायचं अ‍ॅप टाका, आकडा खरा नसतो पण तोच मोबाइल त्याच जागी ठेवून तीन गाड्यांची तुलना नक्की करता येते. ऐंशीच्या स्पीडला सहावर एसी आणि एकवर एसी, दोन्ही वेळेस बघा. काही गाड्या इतक्या शांत असतात की पंखाच मोठा वाटतो.

एका डेमो गाडीत मागच्या शेल्फमधून टिकटिक येत होती. डेमो गाडी आहे सर, खूप जण चालवतात, हे उत्तर. मान्य, पण तीच गाडी सात हजार किलोमीटर झालेली होती आणि माझी दुसऱ्याच वर्षी तेवढी होणार होती. दुसरी डेमो मागवा. तिच्यातही त्याच जागी आवाज आला तर तो रचनेचा, नाही आला तर त्या एका गाडीचा. मी मागवली, आणि नाही आला.

आणखी एक युक्ती, बाजूची काच अर्धी खाली करून तिची वरची कड बघा. दोन काचांमध्ये पातळ रेघ दिसली तर ती लॅमिनेटेड, आवाज अडवते. पुढच्या दारांना असते आणि मागच्यांना नसते असंही होतं.

९. डिकी

आपल्याकडे स्टेपनी बऱ्याच गाड्यांत डिकीतच उघडी बसवलेली असते. घरची मोठी बॅग नेऊन ठेवून बघा. एवढंच. आणि ती एक लिटरची बाटली दारात बसते का तेही आत्ताच.

१०. बघितलेली गाडी आणि मिळणारी गाडी

सगळ्यात मोठा सापळा. डेमो नेहमी वरच्या व्हेरियंटची असते, वर ऑप्शन लावलेले. म्हणून कोटेशनवर व्हेरियंटचं नाव पुरत नाही, सीटच्या मटेरियलचं नाव, सीटचा रंग, डॅशबोर्डच्या पट्टीचा प्रकार, स्पीकर सिस्टिम, सनरूफ, हे सगळं लेखी घ्या. तोंडी "सर येतंय त्यात" चालणार नाही. ब्रोशरमध्ये तारा दिसला की खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

"ही इम्पोर्टेड आहे का" ह्यात अडकू नका. मर्सिडीज आपल्या चाकणला जोडतात, तो कारखाना २००९ चा, ऑडी छत्रपती संभाजीनगरला, बीएमडब्ल्यू चेन्नईला. सुटे भाग बाहेरून येऊन इथं जोडले जातात, त्यावरून इंटिरिअर कमी-जास्त ठरत नाही.

बुकिंगला लागणारे कागद: पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, कर्ज असेल तर आयटीआर आणि बँक स्टेटमेंट. दहा लाखावरच्या गाडीला विकणारा एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतो, तो आयकर खात्याच्या तुमच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, त्याला घाबरू नका. धंद्याच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो असं कोणी म्हणालं तर सीएला फोन करा, असल्या प्रवासी गाडीवर क्रेडिट मिळत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेस (वरचा जादा कर) जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी झालाय, त्यामुळे आधीची कोटेशनं तुलनेला घेऊ नका. आमचंच कोटेशन मधेच बदललं, खाली आलं, म्हणून तर दसरा गाठला.

११. नंबर पडायच्या आधी एकदा आत बसा

पीडीआय म्हणजे गाडी नावावर व्हायच्या आधीची तपासणी, ती दुपारी उजेडात करा, बेसमेंटमध्ये नको. पुष्पगुच्छ आणि केकच्या दिवशी कोणी काही तपासत नाही, तेव्हा आपण फोटोत असतो. चौथ्या पायरीतलं सगळं परत करा, पण आता ह्याच गाडीवर. प्रत्येक शिलाईवरून नजर फिरवा, सीट पुढं-मागं-वर-खाली शेवटपर्यंत, सगळ्या काचा, सगळे दिवे, ग्लव्ह बॉक्स दहादा उघडबंद. चासी नंबर गाडीच्या कागदांशी आणि सीटचा रंग लेखी यादीशी जुळवा. आमच्या गाडीत पॅसेंजर सीटच्या पाठीला शिलाईचा एक धागा बोटभर सुटला होता, मी फोटो काढला, मेल केला, आणि सीटचं कव्हर बदलून मिळेपर्यंत रजिस्ट्रेशन थांबवलं. आठ दिवस गेले. नंबर पडल्यावर सांगितलं असतं तर किती गेले असते देव जाणे.

घरी आणल्यावर सीटवरची, स्क्रीनवरची, उंबरठ्यावरची प्लास्टिकं त्याच दिवशी काढा. आईला ती राहू द्यायची होती, "कशाला घाण करता", मोठा वाद झाला. पण उन्हात ती चिकटून बसतात आणि काढताना डाग सोडतात. आणि सर्व्हिसला टाकाल तेव्हा जॉब कार्डवर लिहून घ्या की डॅशबोर्डला पॉलिश मारायचं नाही. विचारल्याशिवाय मारतात, आणि मग महिनाभर समोरच्या काचेत डॅशबोर्डच दिसत राहतो.